फोटोकोठी, जन्मभर फुकट

१ सप्टेंबर, सोमवार. सकाळी.

फोटोकोठी कंपनीचं पत्र आलं. मोबाईलवर, इंग्रजीत. 'डिअर गुलाबराव' अशी सुरुवात. इतक्या मोठ्या कंपनीला सौंसरच्या माणसाचं नाव पाठ आहे हे पाहून बरं वाटलं. पुढचं चहा पिऊन वाचलं.

चहा पिऊन वाचलं तेच ठीक झालं. रिकाम्या पोटी झेपलं नसतं. म्हणे आजपर्यंत फोटो ठेवणं फुकट होतं, आता फक्त पाच जीबीपर्यंत फुकट. वरच्या मालाला दर महिन्याला भाडं. तीस सप्टेंबरपर्यंत भाडं भरा, नाही तर फोटो कमी करा, नाही तर आम्ही कमी करू. शेवटी लिहिलं, भरोसा ठेवल्याबद्दल आभारी आहोत.

सात वर्षांपूर्वी यांनीच लिहिलं होतं, 'फ्री फॉर लाइफ'. जन्मभर फुकट. कोणाच्या जन्मभर ते लिहिलं नव्हतं.

माझा माल किती ते पाहिलं. एकोणचाळीस जीबी. बायकोला, यमुनाला, सांगितलं. ती मेथी निवडत होती. तिनं जीबीचं जीभ ऐकलं. म्हणे, एक जीभ आवरत नाही तुमच्यानं, एकोणचाळीस कायले पायजे?

संकल्प: एक पैसा देणार नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे.

२ सप्टेंबर.

काल रागात होतो. आज शांत डोक्यानं विचार केला. मी नगरपालिकेच्या पाणी खात्यात टाकीवर जन्म काढला. टाकी भरली की कोणता व्हॉल्व्ह सोडायचा हे मला कोण्या कंपनीनं शिकवायची गरज नाही. रोज पाचशे फोटो पुसायचे. महिन्याच्या आत टाकी खाली.

काळजी माझ्या एकट्याची नाही. पूर्ण मोहल्ल्याचे फोटो माझ्या कोठीत आहेत. कोणाचं बारसं, कोणाचा साखरपुडा, विहाराची पायाभरणी. लोकांचे मोबाईल भरायचे तेव्हा मीच सांगायचो, आणा इकडे, माझ्या कोठीत टाकतो, जन्मभर फुकट, तुमच्यातून खुशाल पुसा. लोकांनी खुशाल पुसले. कंपनीवर त्यांचा भरोसा नव्हता, माझ्यावर होता.

हे वाक्य लिहिताना छान वाटलं. वाचताना तितकं छान वाटलं नाही.

३ सप्टेंबर.

मोहीम सुरू. नऊ वाजता ओसरीवर बसलो. पहिला फोटो मोहगावच्या बाजारातल्या वांग्यांचा. कशासाठी काढला आठवत नाही, पण वांगी जबरदस्त होती. ठेवला. दुसरा बसस्टँडवरच्या कुत्र्याचा. ते कुत्रं मेलं बिचारं. ठेवला. जेवायच्या वेळेपर्यंत दोन पुसले. दोन्ही माझ्याच अंगठ्याचे होते.

प्रगतीचा पुरावा असावा म्हणून स्क्रीनचे फोटो काढले, सात. ते आपोआप कोठीत चढले.

म्हणजे आज पाच वाढले. सुरुवात कठीणच असते.

४ सप्टेंबर.

आज मोहिमेला सुट्टी. कंपनीला तक्रारीचा अर्ज लिहिला. मराठीतच. पाहू द्या त्यांनाही शब्दांचे अर्थ शोधून. लिहिलं की आमच्याकडे दिलेला शब्द आणि घातलेला मीठ-मसाला परत काढता येत नाही.

५ सप्टेंबर.

उत्तर आलं! माया नावाच्या मुलीचं. लिहिते, 'हाय गुलाबराव, तुमच्याकडून ऐकून आनंद झाला.' तिला अर्ज नीट समजला नसावा, पण मुलगी गोड बोलते. खाली विचारलं होतं, या उत्तराची मदत झाली का. नाही म्हटलं तर तिचा पगार कापतील. हो दाबलं.

आज फोटो पुसताना मोठी अडचण आली. अर्धी कोठी माझ्या 'शुभ सकाळ'ची आहे. रोज सकाळी एक फोटो घेतो. त्यावर 'शुभ सकाळ', कोपऱ्यात गुलाबाचं फूल, खाली 'आपला' आणि त्याच्या खाली मोठ्या अक्षरात 'गुलाबराव, सौंसर'. गुलाबाचं फूल ही माझी सही. सहा ग्रुपवर पाठवतो आणि यमुनाला वेगळा. ती स्वयंपाकघरात असते, मी ओसरीवर, पण तिला वेगळा. सात वर्षांत एक दिवस खंड नाही. हे पुसायचं? लोक त्यावर उठतात.

६ सप्टेंबर, शनिवार.

जयवंता वहिनी आल्या. शेजारच्याच. बारा ऑक्टोबरला नत्थूजीला जाऊन वर्ष होते. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम ठेवला आहे. फोटो मोठा करून भिंतीवर लावायचा आहे म्हणाल्या. आधारकार्डावरचा नको. त्यात म्हणे ते रेल्वेचं लोखंड चोरताना सापडल्यावानी दिसतात. तो हसरा पाहिजे.

कोणता ते मला लगेच कळलं. एकच तर आहे.

नत्थूजी माझा लहानपणचा दोस्त. तिगावला रेल्वेत गँगमन होता. जन्मभर रुळाचे नट आवळले, तसंच तोंडही आवळून ठेवलं. समोरचे दात लवकर गेले म्हणून फोटोत कधी हसला नाही. मग नागपूरला जाऊन बत्तीशी बसवून आला. मी म्हटलं, हास ना लेका, डॉक्टरच्या मेहनतीचं तरी चीज कर. हसला. अस्सा हसला की ओसरीवरची चिमणी उडाली. मी मोबाईल धरलेलाच होता.

तो फोटो वहिनीच्या मोबाईलमध्येही होता. मीच म्हटलं होतं, पुसा, माझ्या कोठीत पक्का आहे.

आज म्हटलं, वहिनी, बिनघोर राहा, दोन मिनिटांचं काम आहे. त्या म्हणाल्या, तुमच्यावरच तं भरोसा हाये भाऊजी, दुसऱ्या कोणाले हे जमते?

उद्या काढून देतो.

८ सप्टेंबर.

दोन मिनिटांचं काम अजून करून राहिलो.

कोठीत चेहऱ्यावरून माणूस शोधता येतो. नत्थूजीच्या चेहऱ्यावर बोट ठेवलं तर सगळे माझेच फोटो येतात. डोकं खाजवलं तेव्हा आठवलं. मागे एकदा कोठीनं दोन चेहरे शेजारीशेजारी दाखवून विचारलं होतं, माणूस एकच आहे का वेगवेगळा? एक मी, एक नत्थूजी. दोघांच्या टोप्या पांढऱ्या, दोघांचे चष्मे जाड. मला भरून आलं होतं. सख्ख्या भावापेक्षा जास्त होता तो. मशीनसमोर का होईना, वेगवेगळा कसा म्हणू? 'एकच' दाबलं.

तेव्हापासून कोठीत नत्थूजी नावाचा माणूस नाही. मी आहे, हजारोंनी.

१० सप्टेंबर. दुपारी.

आनंदाची बातमी!! कंपनी वरमली. आज मोबाईलवर फोटोकोठीनं नवं बटण दाखवलं: 'फ्री अप स्पेस'. फ्री म्हणजे फुकट. अप म्हणजे वर. स्पेस म्हणजे जागा. पाच जीबीच्या वरची जागा फुकट. माझ्या अर्जाचा परिणाम आहे, मायानंच वर शब्द टाकला असेल.

दाबलं. नक्की का, असं विचारलं. म्हटलं नक्की. हिरवी खूण आली, अकरा जीबी फ्री झाली.

यमुनाला म्हटलं, पाहा, माणसानं ताठ राहिलं पाहिजे. ती म्हणे, फुकट देणाऱ्याच्या एका हाताकडे पाहू नये, दुसऱ्या हातात काय हाये ते पाहावं. बायकांना जगाविषयी फार संशय असतो.

११ सप्टेंबर.

मोबाईलच्या गॅलरीत एकही फोटो नाही. कालपर्यंत गच्च भरली होती. आता उन्हाळ्यातल्या टाकीसारखी कोरडी ठणठणीत.

विशालला फोन लावला. विशाल म्हणजे आमचा मुलगा, पुण्यात कंप्युटरच्या कंपनीत आहे. उचलला नाही. मेसेज आला: मीटिंग.

१२ सप्टेंबर.

मीटिंग.

१३ सप्टेंबर.

विशालचा मेसेज. बाबा, ते 'फ्री अप' म्हणजे रिकामं करणं. कोठीत चढलेले फोटो मोबाईलमधून उडवले तुम्ही. आता फक्त कोठीत आहेत. भाडं भरा नाही तर उतरवून घ्या. मीटिंगमध्ये आहे.

फ्री म्हणजे फुकट असंच मी आजवर समजत होतो. इंग्रजीत रिकाम्यालाही फ्रीच म्हणतात. तसं पाहिलं तर फुकट आणि रिकामं यांची सोयरीक जुनीच आहे, मलाच उशिरा कळली.

तरी घाबरण्यासारखं काही नाही. कोठीत सगळं शाबूत आहे. फक्त तिथून उतरवायला गेलो की भाड्याचा बोर्ड आडवा येतो, मग थोडे थोडे फोटो खाली येतात आणि मधेच नेट बसते. आज सत्तावीस आले. सगळे बारशाचे. बाळ झोपलेलं.

१५ सप्टेंबर, सोमवार.

बसस्टँडजवळच्या राजूच्या स्टुडिओत गेलो. सहज. कामासाठी नाही.

राजूला माझा जुना राग आहे. फोटोकोठी आली तेव्हा मी त्याच्या दुकानात उभा राहून चार गिऱ्हाइकांसमोर म्हटलं होतं, राजू, आता तुझ्या शटरला कुलूप, फोटो ढगात गेले. आज मला पाहताच म्हणे, या काकाजी, बसा. काय झालं, ढग फाटला का?

त्याला इतकं कसं कळलं कुणास ठाऊक. यमुना रोज त्याच्या बायकोबरोबर विहारात बसते, तो वेगळा विषय.

राजू म्हणे, सोपं हाये. एका महिन्याचं भाडं भरा, सगळे फोटो काढून घ्या, दुसऱ्या महिन्यात जयभीम करून मोकळे व्हा. मी म्हटलं, उपाय व्यवहाराचा आहे, तत्त्वाचा नाही. ज्यानं शब्द मोडला त्याच्या हातावर पैसा ठेवायचा म्हणजे उद्या कोणीही शब्द मोडेल. राजू म्हणे, तुमचं तत्त्व किती जीबीचं हाये काकाजी?

घरी यमुनाचं मत राजूच्या बाजूनं. म्हणे आठवड्याला तंबाखूच्या खर्र्यात याच्यापेक्षा जास्त थुंकता तुम्ही. खर्रा हा पूर्ण वेगळा विषय आहे.

२० सप्टेंबर.

जयवंता वहिनी संत्री घेऊन आल्या. हिरवीच आहेत अजून, आंबट. फोटोचं विचारलं. म्हटलं, प्रोसेसमध्ये आहे. पाणी खात्यात असताना नळ का आला नाही असं विचारणाऱ्याला मी हाच शब्द द्यायचो. चांगला शब्द आहे, समोरचा काही बोलू शकत नाही.

वहिनी म्हणाल्या, मी भिंतीले खिळा ठोकून ठेवला भाऊजी. दरवाज्यातून आलं की समोर दिसन असा.

संत्री खाल्ली नाहीत. आंबट होती म्हणून.

२६ सप्टेंबर.

चार दिवस राहिले म्हणून यमुना उगाच घाई करून राहिली. तिला देशाचा अनुभव नाही. आपल्याकडे तारीख वाढते. आधार जोडायची वाढली, वीज बिलाची वाढते, नळपट्टीची तर मी स्वतः वाढताना पाहिली आहे. शेवटच्या दिवशी संध्याकाळी जाहीर करतात. ज्यांनी आधी भरलं ते मूर्ख ठरतात.

मोहीम: आज पुसलेले फोटो, एक. नंतर वाईट वाटून परत आणला.

२९ सप्टेंबर.

यमुना म्हणे, माझ्याजवळचे घ्या, पण भरा. त्या बाईनं खिळा ठोकून ठेवला हाये. मी म्हटलं, तुझ्याजवळचे घेऊन मी तत्त्व मोडू? ती म्हणे, तत्त्व भिंतीवर लटकवता येत नाही.

तिच्या बोलण्यात कधी कधी धार असते. उद्या पाहू.

३० सप्टेंबर, मंगळवार. संध्याकाळी.

तारीख वाढल्याची बातमी अजून नाही.

शेवटी नत्थूजीसाठी तत्त्व बाजूला ठेवलं. दोस्तीत तेवढं चालते. भाडं भरायला बसलो. सगळं बरोबर भरलं. मग म्हणे ओटीपी टाका. ओटीपी विशालच्या नंबरवर जातो, कारण खातं त्यानं उघडून दिलं होतं. विशालला फोन लावला. मीटिंग. परत लावला. मीटिंग. मायाला विचारलं. माया म्हणे, 'ओटीपीविषयी ऐकून आनंद झाला.'

यावेळी मदत झाली का म्हटल्यावर नाही दाबलं. कापू दे पगार.

१ ऑक्टोबर.

तारीख वाढली नाही.

कोठीनं पाच जीबी ठेवले. नवे ठेवले, जुने काढले. बारसं गेलं, साखरपुडा गेला, पायाभरणी गेली. राहिलं काय तर अलीकडची गुलाबाची फुलं, आणि त्या प्रगतीच्या पुराव्याचे सात फोटो.

सकाळी विशालचा मेसेज होता. सॉरी बाबा, ओटीपी आत्ता पाहिला.

नत्थूजी दुसऱ्यांदा गेला. पहिल्या वेळी निदान मी जवळ होतो.

२ ऑक्टोबर, गुरुवार.

अशोक विजयादशमी. बसनं नागपूरला गेलो, दीक्षाभूमीवर. मोहल्ल्यातले बरेच लोक. इतक्या वर्षांत पहिल्यांदा एकही फोटो काढला नाही. लोक विचारत होते, तब्येत बरी आहे ना?

बसमध्ये जयवंता वहिनी यमुनाजवळ बसल्या होत्या, माझ्या मागच्याच सीटवर. सांगत होत्या, घरात एकटीले कसंनुसंच वाटते बाई. पण आता कसं, सकाळी उठलं की समोर हसत दिसतीन. जन्मभर माझ्यासमोर तोंड दाबून हसले हो, दात दिसतीन म्हणून.

सावनेर येईपर्यंत मी खिडकीबाहेर पाहत होतो. बाहेर काही नव्हतं.

३ ऑक्टोबर.

सकाळी दाढी करताना आठवलं! बत्तीशीचा तो फोटो मी दुसऱ्याच दिवशी 'शुभ सकाळ' करून सगळ्यांना पाठवला होता. माझे जुने मेसेज मोबाईल बदलला तेव्हा गेले, पण सहा ग्रुप आहेत. कोणीतरी जपलाच असेल.

नत्थूजीचं नाव घेतलं असतं तर वहिनीपर्यंत बातमी गेली असती. म्हणून मोघम लिहिलं: माझे जुने 'शुभ सकाळ' ज्यांनी जपून ठेवले असतील त्यांनी कळवावे.

४ ऑक्टोबर.

उत्तरं आली. बहुतेक ठिकाणी हसणारी तोंडं. तिगावचा एक म्हणे, गुलाबभाऊ, तुमचे तं रोजच्या रोज झाडून काढतो, नाही तं मोबाईल चालत नाही. पेन्शनवाल्यांच्या ग्रुपवर मोहगावचा भिवाजी, माझ्याबरोबर पाणी खात्यात होता, लिहितो, झोपेतच पुसतो, डोळे उघडाची गरज नाही.

सात वर्षं. लोक त्यावर उठतात असं मला वाटत होतं. लोक त्यावर बोट फिरवून परत झोपून राहिले होते.

कंपनीनं दगा दिला ते समजू शकतो. ती परकी. भिवाजीला मी लग्नात उचलून घेऊन नाचलो होतो.

५ ऑक्टोबर.

वहिनीला सरळ सांगून टाकायचं ठरवलं. गेलो. त्या भिंतीला पांढरी माती फासून राहिल्या होत्या, खिळा सोडून. चहा दिला. मी म्हटलं, यंदा संत्र्याला भाव कसा राहील? त्या म्हणाल्या, ठीक राहीन. चहा पिऊन परत आलो.

उद्या नक्की.

७ ऑक्टोबर.

गेलो. यावेळी कापसाविषयी बोललो.

९ ऑक्टोबर. दुपारी.



यमुनाचा मोबाईल बंद पडला. म्हणजे चालू, पण काही उघडेना. म्हणे, तुमच्यावानी भरला, पाहा जरा. मी साफ करायला घेतला. माझ्या नावावर पाहिलं तर भोंग्याच्या चित्रावर आडवी रेघ. मला म्यूट केलेलं. किती दिवसांसाठी ते पाहिलं. कायमचं.

विचारलं. ती भाकरी थापत होती, मागे वळलीही नाही. म्हणे, तुम्ही ओसरीवर खोकलले की मले समजते सकाळ झाली. त्याच्यावर मोबाईल कायले वाजवा? मी म्हटलं, म्हणजे एकही पाहिला नाही? म्हणे, तुम्ही समोरच तं असता.

 कंपनी, भिवाजी, आणि आता घरचं माणूस. एक फोटो, एकही, उघडला नाही तिनं.

मग डोक्यात लख्ख उजेड पडला. उघडला नाही म्हणून पुसलाही नाही! सगळे तिथेच, ओळीनं. तिच्या मोबाईलमध्ये आपोआप उतरून पडलेले, आलेल्या दिवसापासून कोणाचा हात न लागलेले. मागे मागे गेलो. चार वर्षं मागे.

नत्थूजी. बत्तीशी चमकत होती.

चेहरा पूर्ण फोटोभर. वर 'शुभ सकाळ'. गालावर गुलाब. खाली माझं नाव.

१० ऑक्टोबर.

राजूकडे. यावेळी काम आहे म्हणून सांगितलं. त्यानं पाहिलं आणि टोमणा मारायचा सोडून खुर्ची पुढे ओढली. मग म्हणे, नत्थूकाकाजी हसत पण होते?

फूल आणि अक्षरं काढून दे म्हटलं. राजूजवळ नवं मशीन आहे, जे नको ते पुसते. फूल पुसलं तर त्यानं आपल्या मनानं गाल भरला आणि बत्तीशीही नवी बसवली. दात भलत्याच माणसाचे. सिनेमातला कोणी असावा. राजू म्हणे, नाव काढलं तं गळ्याचं पण असंच होते. आहे तसाच ठेवू काकाजी, निदान दात त्यांचे राहतीन.

आहे तसाच मोठा करून फ्रेम केला.

११ ऑक्टोबर.

फ्रेम घेऊन गेलो. रस्त्यात तयारी केली होती. म्हटलं, वहिनी, आजकाल फ्रेममध्ये हीच फॅशन आहे.

त्यांनी पदरानं काच पुसली. पुसतच राहिल्या. मग म्हणाल्या, गालावर फूल कायले? मी म्हटलं, सन्मान म्हणून. बरं, म्हणाल्या. मग त्यांनी खालचं नाव वाचलं, माझ्याकडे पाहिलं, परत फोटोकडे. म्हणाल्या, कंपनीनं ठेवला नाही ना भाऊजी? यमुनाबाईनं मागंच सांगतलं. मी वाट पाहून राहिली होती तुम्ही कधी सांगता.

मी संत्र्याच्या भावाचं काढलं.

१२ ऑक्टोबर, रविवार.

कार्यक्रम छान झाला. भंतेजींनी वंदना घेतली. खीर झाली. नत्थूजी दरवाज्यातून आत येणाऱ्या प्रत्येकाकडे पाहून हसत होता. तिगावचे रेल्वेवाले तर फोटोसमोरून हलेनात. एक म्हणे, अरे यायले दात होते?

झेंडूचा हार वहिनीनं घातला. जाड होता. त्यात 'शुभ सकाळ' आणि 'आपला' बरोबर झाकून गेलं, म्हणून मला हायसं वाटलं.

डोळे भरून आले होते. दहा-बारा दिवसांनी पहिल्यांदा फोटोसाठी मोबाईल काढला, हार घातलेल्या फ्रेमचा फोटो घेतला आणि सहाही ग्रुपवर पाठवून दिला. काही लिहिता आलं नाही. नुसता फोटो.

१३ ऑक्टोबर, सोमवार.

पहाटेपासून फोन वाजून राहिला. उचलला की समोरून मुसमुसण्याचा आवाज, मी हॅलो म्हटलं की फोन बंद.

मग ग्रुप उघडले. 'भावपूर्ण श्रद्धांजली.' 'गुलाबभाऊ, आता सकाळ कशी होणार?' 'मोठ्या मनाचा माणूस गेला.' 'कुटुंबाला दुःख सहन करण्याची शक्ती मिळो.' कोणी हात जोडले, कोणी दिवा लावला. कालचा फोटो परत पाहिला. झेंडूच्या हारानं वरची सगळी अक्षरं झाकली होती. हाराच्या खाली, मोठ्या अक्षरात, एवढंच उरलं होतं: गुलाबराव, सौंसर.

पांढरी टोपी, जाड चष्मा, हार. आणि फोटो माझ्याच मोबाईलवरून आलेला. लोकांना वाटलं घरच्यांनी कळवलं. माणूस गेला की चेहरा कोणी पाहत नाही, नाव पाहतात. कोठीलाही नत्थूजी आणि मी एकच वाटत होतो. तिला तसं मीच सांगितलं होतं.

सात वर्षांच्या 'शुभ सकाळ'ला मिळून जितके लोक बोलले नाहीत तितके आज एका दिवसात बोलले. सगळं वाचून काढलं. काही वाक्यं खरंच चांगली आहेत.

विशालचा फोन आला. पहिल्या रिंगला मीच उचलला. म्हटलं, बोल.   तो म्हणे, बाबा, तुम्ही? म्हटलं, मीच. बराच वेळ रडला. मग रागावला. मग म्हणे दिवाळीला येतो. मी म्हटलं, तुझी मीटिंग असेल. फोन त्यानं ठेवला नाही. मीही ठेवला नाही.

दहाच्या बसनं मोहगावहून भिवाजी उतरला. हातात मोठा हार. मी ओसरीवर खर्रा घोटत बसलो होतो. मला पाहून पायरीवरच बसला. पाणी दिलं. शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य म्हणे, लेका, रिटायर झाल्यापासून माझी एवढी धावपळ झाली नव्हती. मग म्हणे, आता या हाराचं काय करू?

दोघं वहिनीकडे गेलो. भिवाजीनं तो हार नत्थूजीला घातला, कालच्या हाराच्या खाली. त्यात माझं नावही झाकून गेलं. आता नुसता नत्थूजी दिसतो, आणि गालावर गुलाब. वहिनी दोन पावलं मागं जाऊन म्हणाल्या, हं, आता बरं. आता भाऊजी जिवंत.

संकल्प: 'शुभ सकाळ' आता सगळ्या ग्रुपवर कायमचं बंद. फोटो फक्त यमुनाला पाठवणार, मोहल्ल्याचेसुद्धा. तिला म्हटलं, आता तरी म्यूट काढ. ती म्हणे, राहू द्या ना, मले त्रास नाही.

तिच्याइतकं सुरक्षित कुठेच नाही. उघडत नाही, पुसत नाही. जन्मभर फुकट.